खाद्य घरट्यांचा व्यापार आणि वेंगुर्ल्याची पाकोळी

चीनमध्ये ज्या खाद्यपदार्थांना शतकानुशतके चढा भाव मिळत आला, त्यांत पाकोळीच्या घरट्याचे स्थान फार वरचे आहे. त्याला स्वतःची अशी चव मात्र जवळजवळ नाही, त्यामुळे त्याच्या मोलाचा उलगडा ते मिळवण्याच्या आणि निवडण्याच्या कष्टांतच होतो. आग्नेय आशियातील चुनखडीच्या गुहांत राहणारी पाकोळी विणीच्या हंगामात जिभेखालच्या ग्रंथींतून स्रवणाऱ्या चिकट लाळेचे धागे कातळावर थरावर थर चढवते आणि ती लाळ वाळली की अर्ध्या वाटीच्या आकाराचे घरटे तयार होते. एका जातीचे घरटे बहुतांशी लाळेचेच असते, त्याला व्यापारात ‘पांढरे’ म्हणतात. दुसऱ्या जातीच्या घरट्यात पिसे भरपूर मिसळलेली असल्याने ते ‘काळे’ ठरते आणि स्वस्त विकले जाते. काही घरटी लालसर असतात व ती पक्ष्याच्या रक्ताने रंगतात या समजुतीपायी त्यांना सर्वांहून अधिक दाम मिळे. प्रत्यक्षात हा रंग गुहेत साचलेल्या विष्ठेतून निघणाऱ्या वायूंच्या रासायनिक क्रियेने येतो, असे अलीकडच्या संशोधनातून दिसून आले आहे.

खरेदीनंतरचे काम कसे चाले, याचे नेमके वर्णन नानजिंगचा कवी युआन मेई याने १७९२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पाकग्रंथात केले आहे. घरटे उकळत्या, निर्मळ पाण्यात भिजवावे, चांदीच्या सुईने त्यातील काळे तंतू वेचून काढावेत, मग कोवळ्या कोंबडीचा रस, उत्तम हॅमचा रस आणि ताज्या अळंब्यांचा रस यांत ते जेड दगडाची झाक येईपर्यंत शिजवावे, अशी ही रीत आहे. एका वाडग्याला दोन लियांग, म्हणजे सुमारे ७५ ग्रॅम, घरटे हवेच, असा त्याचा आग्रह होता, आणि चिमूटभर घरटे वर पसरून श्रीमंती मिरवणाऱ्या यजमानांवर त्याचा रोष होता. इतक्या नाजूक वस्तूत तेलकट वा उग्र काही मिसळू नये, हाही त्याचा दंडक. आज घरोघरी खडीसाखर घालून, भांड्यात भांडे ठेवून ते वाफेवर शिजवण्याची पद्धत अधिक रूढ आहे. पण पिसे चिमट्याने एकेक करून वेचण्याचे, डोळे शिणवणारे काम कारखान्यांतूनही बव्हंशी हातानेच होते.

या व्यापाराचा एक दूरचा धागा कोकणापर्यंत येतो. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात जो खडकाळ द्वीपसमूह आहे, त्यातील एका गुहेत भारतीय पाकोळीची मोठी वसाहत असून एकोणिसाव्या शतकातील पक्षिविषयक लेखनातही तिचा उल्लेख सापडतो. या पाकोळीच्या घरट्यात लाळेबरोबर गवत व पिसेही असतात, त्यामुळे त्याची प्रत कमी मानली जाते. तरीही २००१ च्या सुमारास चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने येथील घरट्यांच्या चोरट्या उचलीकडे लक्ष वेधले आणि पुढे त्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले.

येथे एक फरक ध्यानी घेणे अगत्याचे आहे. मलेशियाच्या सबाह राज्यातील गोमांतोंगच्या गुहेत वेताच्या शिड्या व दोरांच्या आधाराने उंच छताशी पोहोचणाऱ्यांसाठी हंगाम ठरलेले आहेत: पहिली काढणी अंडी घालण्यापूर्वी होते, म्हणजे पक्षी पुन्हा घरटे बांधू शकतो, आणि दुसरी पिल्ले उडून गेल्यावर. वेंगुर्ल्याच्या चोराला असा कोणताही हंगाम बांधून ठेवत नाही; एका विणीत दोनच अंडी घालणाऱ्या या पक्ष्याचे घरटे तो अंड्यापिल्लांसह खरवडून नेतो, तेव्हा त्या वर्षीची वीणच बुडते.