आघातोत्तर ताणविकारातील राग व आक्रमकता

युद्ध, बलात्कार, दंगल, भूकंप, भीषण अपघात यांसारख्या जीवघेण्या प्रसंगांनंतर काही व्यक्तींना आघातोत्तर ताणविकार जडतो. पीटीएसडी या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या विकारात भीती व दुःस्वप्ने यांच्या बरोबरीने तीव्र राग हेही एक प्रमुख लक्षण असते. राग ही भावना होय, तर आक्रमकता हे वर्तन होय. राग येणारी प्रत्येक व्यक्ती हात उगारतेच असे नाही. हा विकार असलेल्या बहुसंख्य व्यक्ती हिंसक नसतात. तथापि हे लक्षण ‘तापट स्वभाव’ म्हणून दुर्लक्षिले गेल्यास रुग्ण उपचारांपासून आणि कुटुंब सुरक्षिततेपासून वंचित राहते. म्हणून रागाचे स्वतंत्र मूल्यमापन व उपचार आवश्यक मानले जातात.

इतिहास

अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० साली प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत या विकाराला प्रथम अधिकृत स्थान मिळाले. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवांचा त्यात मोठा वाटा होता. या सैनिकांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अकिलीझ इन व्हिएतनाम’ या ग्रंथात होमरच्या महाकाव्यातील अकिलीझचा क्रोध आणि या सैनिकांचा क्रोध यांतील साम्य दाखविले. निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत रागाचा उल्लेख दोन ठिकाणी येतो : सातत्याने टिकणारी नकारात्मक भावना म्हणून, आणि क्षुल्लक कारणाने वा कारणाविना होणारा शाब्दिक किंवा शारीरिक उद्रेक म्हणून.

कारणमीमांसा

संकट समोर असताना शरीर लढण्यास वा पळण्यास सज्ज होते. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात व विचार धोक्यावर एकवटतात. रणांगणावर हीच सज्जता प्राण वाचविते. क्लॉड केम्टॉब व रेमंड नोव्हाको या मानसशास्त्रज्ञांच्या मते या विकारात ही ‘जीवरक्षक अवस्था’ संकट टळल्यावरही सहज जागी होते. त्यामुळे दार आपटल्याचा आवाज, मागून पडलेला हात किंवा गर्दीतील धक्का यांचा अर्थ हल्ला असाच लावला जातो आणि विचार करण्यापूर्वीच प्रतिकार घडतो. अपुरी झोप, मद्यपान, शारीरिक वेदना व मेंदूची इजा यांमुळे आत्मनियंत्रण आणखी दुबळे होते. काहींच्या बाबतीत राग हा भीती, अपराधभाव वा शरम यांवरील आवरणासारखा असतो.

ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याला त्या अन्यायाचा राग येणे मात्र विकार नव्हे. रागाची तीव्रता, वारंवारता, टिकण्याचा काळ आणि त्यातून होणारी हानी यांवरून उपचारांची गरज ठरते.

मूल्यमापन

मूल्यमापनाचा पाया प्रत्यक्ष मुलाखत हा असतो. राग कशाने भडकतो, त्याआधी शरीरात काय जाणवते, मनात कोणते विचार येतात, पुढे काय घडते व नंतर पश्चात्ताप होतो का, हे क्रमाने विचारले जाते. संमती असल्यास घरच्यांशीही बोलतात; मात्र घरात मारहाणीची शंका असल्यास जोडीदाराशी स्वतंत्रपणे बोलणे आवश्यक असते.

पीसीएल-५ या प्रचलित प्रश्नावलीत एकूण २० प्रश्न असून चिडचीड व आक्रमक वर्तन यांना वाहिलेला प्रश्न एकच आहे. म्हणून रागासाठी वेगळ्या चाचण्या वापरतात. पाच प्रश्नांच्या डार-५ या चाचणीत ५ ते २५ गुण मिळतात. १२ वा अधिक गुण हे सखोल तपासणीची गरज सुचवितात. चार्ल्स स्पीलबर्गर यांची स्टॅक्सी-२ ही चाचणी तात्कालिक राग, रागीट प्रवृत्ती, रागाची अभिव्यक्ती व त्यावरील नियंत्रण यांचे मापन करते. केवळ गुणांवरून निदान होत नाही.

धोक्याचा अंदाज घेताना पूर्वीची हिंसा, दिलेल्या धमक्या, शस्त्रांची उपलब्धता, व्यसन आणि आत्महत्येचे विचार यांची चौकशी अनिवार्य असते.

उपचार

तातडीचा धोका असल्यास प्रथम सुरक्षिततेची योजना आखली जाते. त्यानंतर मूळ आघातावर केंद्रित मानसोपचार हा मुख्य मार्ग होय. एड्ना फोआ यांची दीर्घ सामोरे जाण्याची पद्धती व पॅट्रिशिया रेझिक यांची बोधात्मक प्रक्रिया उपचारपद्धती या त्यांतील प्रमुख होत. मूळ विकार ओसरला की अनेकांचा रागही कमी होतो. ज्यांना असे उपचार नको असतात किंवा ज्यांची लक्षणे त्यानंतरही उरतात, त्यांच्यासाठी रागावर केंद्रित बोधात्मक वर्तनोपचाराचा विचार करावा, असे ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१८ ची मार्गदर्शिका सुचविते.

नोव्हाको यांनी १९७५ पासून विकसित केलेल्या पद्धतीचे तीन टप्पे आहेत : रागाची ओळख, कौशल्यांचे शिक्षण आणि क्रमशः कठीण प्रसंगांत त्यांचा सराव. रुग्ण रागाची नोंदवही ठेवतो, संथ श्वसन शिकतो, ‘याने मुद्दाम केले’ यासारखे निष्कर्ष तपासतो आणि वाद चिघळण्यापूर्वी सांगून बाजूला होऊन ठरल्या वेळी परत येण्याची सवय लावतो. या पद्धतीवर आधारित १२ सत्रांच्या उपचारांचा व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांवर उपयोग होऊन त्यांचे रागावरील नियंत्रण सुधारल्याचे १९९७ च्या एका अभ्यासात दिसले. मात्र सहभागींची संख्या फार लहान होती.

औषधांपैकी सर्ट्रालीन व पॅरॉक्सेटीन यांना या विकारासाठी अमेरिकेत मान्यता आहे. बेंझोडायझेपिन गटातील शामक औषधे मात्र या विकारावर वापरू नयेत, अशी अमेरिकी सैन्यविषयक मार्गदर्शिकेची शिफारस आहे.

गैरसमज

उशीवर वा पिशवीवर ठोसे मारल्याने राग निघून जातो, हा समज चुकीचा आहे. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात अपमानकर्त्याचा विचार करीत ठोसे मारणाऱ्या विद्यार्थ्यांचा राग उलट अधिक राहिला.

कुटुंब व मदत

विकार हे वर्तनाचे स्पष्टीकरण असते, समर्थन नव्हे. मारहाण सोसणे हा शुश्रूषेचा भाग नाही. भारतात कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने स्त्रियांना संरक्षण दिले आहे, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला उपचारांचा हक्क दिला आहे. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क समुपदेशन उपलब्ध असते. तातडीच्या धोक्यात ११२ या क्रमांकावर संपर्क साधता येतो.