पेलेच्या दारी

हवाई बेटावरील किलाउएआ पर्वताचा वाहता अग्निरस पाहावयास हल्ली हौशी प्रवासी जातात. पण ती वाट इतिहासात गाजली ती हौसेमुळे नव्हे.

थिजलेल्या लाव्ह्याचे तेथील लोक दोन प्रकार मानतात. दोरखंडाच्या वेटोळ्यांसारखा गुळगुळीत तो 'पाहोएहोए' आणि अणकुचीदार ढेकळांची रास तो 'आआ'. ह्या दुसऱ्यावरून चालताना जोड्यांच्या चिंध्या होतात. भूगर्भशास्त्राने हे शब्द जसेच्या तसे उचलले असून आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचे वर्णनही आता त्याच शब्दांनी होते.

१८१९ साली पहिला कामेहामेहा वारला व त्याच वर्षी राजघराण्याने 'कापू' नावाचे कडक धर्मनिर्बंध मोडले. देवळे पडली, पुढच्याच वर्षी अमेरिकन मिशनरी उतरले. परंतु अग्निदेवता पेले हिचे कुंड कोण पाडणार? १८२३ साली विल्यम एलिस हा पाद्री भुकेल्या सोबत्यांसह तेथे पोहोचला, तेव्हा वाटाड्यांनी विनविले की, ओहेलोची फळे आधी देवीस वाहा, मग खा.

पुढील वर्षी, डिसेंबर १८२४ मध्ये, कापिओलानी नावाची ख्रिस्ती झालेली सरदारीण बराचसा प्रवास पायी करीत त्या कुंडाशी आली. वाटेत पेलेच्या पुजारणीने तिला मरणाचे भय घातले आणि देवीचे पत्र म्हणून वल्कलाचा तुकडा पुढे केला. कापिओलानीने आपले धर्मपुस्तक काढून उलट वाचून दाखविले! मग नैवेद्य न दाखविता तिने फळे खाल्ली, कुंडात उतरून दगड भिरकाविले आणि सोबत्यांसह ईशस्तवन केले. टेनिसनने उतारवयात ह्या प्रसंगावर कविता रचली.

हे धैर्य निव्वळ नव्या धर्माच्या उत्साहाचे होते, असे मला वाटत नाही. कापूच्या काळी स्त्रियांस केळे खाणे वर्ज्य असे. तरुणपणी हिने ते खाल्ले व त्या अपराधासाठी तिच्या सेवेतील एका पोराचा बळी गेला, अशी हकीकत मिशनऱ्यांनीच नोंदविली आहे. ज्या बाईने हे भोगले, तिचे देवीशी जुने देणेघेणे होते. मिशनऱ्यांनी मात्र तो केवळ आपल्या पंथाचा विजय मानला. त्यांच्या मते पेलेची सत्ता तेथेच संपली.

ती संपली नव्हती. नोव्हेंबर १८८० मध्ये शेजारच्या मौना लोआ पर्वतातून सुटलेला प्रवाह १८८१ च्या उन्हाळ्यात हिलो नगराच्या वेशीवर येऊन ठेपला. तेव्हा कामेहामेहाच्या वंशातील राजकन्या रूथ केएलिकोलानी मुद्दाम तेथे गेली. परक्यांशीही इंग्रजी बोलण्याचे नाकारणारी ही मानी स्त्री! तिने लाव्ह्यास रेशमी रुमाल वाहिले, वर ब्रँडीची धार धरली, असे सांगतात. हिलोच्या चर्चमध्येही तेव्हा प्रार्थना चालल्याच होत्या. ऑगस्टात प्रवाह थांबला आणि दोन्ही पक्षांनी आपापल्या देवतेचे आभार मानले.