टेड विल्यम्स: दोन युद्धांत जवळपास पाच मोसम गमावलेला फलंदाज

बेसबॉलमध्ये दहापैकी तीन वेळा यशस्वी फटका मारणारा फलंदाज उत्तम मानला जातो. बोस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सने १९४१ मध्ये दहापैकी चार वेळा ते करून दाखवलं. सरासरी होती ०.४०६! अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये त्यानंतर पूर्ण मोसमात ०.४०० कुणालाच गाठता आलेले नाहीत.

पण ऐन भरात असताना दुसरं महायुद्ध आडवं आलं. १९४३ ते १९४५ हे तीन मोसम विल्यम्स लष्करी वैमानिक म्हणून सेवेत होता. परतल्यावर १९४६ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

१९५२ मध्ये कोरिया युद्धासाठी पुन्हा बोलावणं आलं. तिथे त्याने ३९ मोहिमांत उड्डाण केलं. फेब्रुवारी १९५३ मध्ये गोळीबारात सापडलेलं, पेटतं जेट त्याने चाकांशिवाय उतरवलं आणि तो बचावला. त्याच वर्षी मैदानात परतून ३७ सामन्यांत १३ होमरन मारले!

कारकिर्दीत एकूण होमरन ५२१. युद्धसेवेआधीच्या १९४२ मध्ये ३६, परतल्यावर १९४६ मध्ये ३८. मधल्या वर्षांत किती झाले असते, याचा हिशेब चाहते आजही मांडतात.