वाट चुकणारा मदतनीस



मी विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. जे काही वाचले, ते युनियनच्या कचेरीत, रात्री. तरीही आज मेंदूतील दिशाज्ञानाविषयी बोलण्याचे धाडस करतो, कारण या विषयाचे एक जुने देणे माझ्या माथी आहे.

एका कारखान्यात अठरा-एकोणीस वर्षांचा एक मदतनीस होता. बोलण्यात चतुर, पण दुसऱ्या खात्यात निरोप घेऊन धाडला, की हमखास वाट चुके. कामचुकार ठरवून त्याला काढून टाकले. त्याची बाजू मांडायला मी गेलो नाही. मलाही तो कामचुकारच वाटला होता.

आता इतिहास पाहू. १९४८ साली अमेरिकेत टोलमन यांनी मांडले, की उंदीर नुसती वळणे पाठ करीत नाही. परिसराचा नकाशा डोक्यात बाळगतो. १९७१ साली लंडनमध्ये ओकीफ आणि दोस्त्रोव्स्की यांना उंदराच्या मेंदूत ठराविक जागी आल्यावरच चेतणाऱ्या पेशी सापडल्या. १९८४ साली अमेरिकेत रँक यांनी डोके कोणत्या दिशेला वळले आहे हे दाखवणाऱ्या पेशी जाहीर केल्या. २००५ साली नॉर्वेत मोझर पतिपत्नींच्या प्रयोगशाळेत जमिनीवर जणू जाळी आखणाऱ्या पेशी आढळल्या. २०१४ चे नोबेल पारितोषिक ओकीफ व मोझर पतिपत्नींना मिळाले.

पण हे ज्ञान जन्मजात की कमावलेले? २०१० साली लंडन व नॉर्वे येथील दोन गटांनी उंदरांची पिले तपासली. पिलू हिंडू लागते तेव्हा दिशेच्या पेशी तयारच असतात. जागेच्या पेशी हळूहळू पक्क्या होतात, जाळीच्या सर्वांत शेवटी. म्हणजे ही इमारत मजल्यामजल्याने उभी राहते.

माणसात ही घडण वेगळीही होऊ शकते. १९६१ साली न्यूझीलंडच्या विल्यम्स यांनी वर्णिलेल्या विकारात सातव्या गुणसूत्राचा लहानसा तुकडा गळालेला असतो. अशी पुष्कळ मुले गोड, ओघवते बोलतात. पण साधी आकृती उतरवताना किंवा वाट लक्षात ठेवताना अडखळतात. भाषा आणि दिशा ही मेंदूची दोन निराळी कामे आहेत, हे त्यांनी जगाला शिकवले.

त्या पोराला काय होते, हे मी सांगू शकत नाही. कुणी विचारलेच नाही. पण चतुर बोलतो म्हणून वाट मुद्दाम चुकतो, हा आमचा हिशेब खोटा होता. आता अशी चार्जशीट समोर आली, की मी आधी विचारतो: याच्याबरोबर एकदा तरी कोणी ती वाट चालून दाखवली होती काय?