सात अमिनो आम्लांचा रेणू आणि दुधाच्या पिशवीवरचा दावा

२१ ऑगस्ट २०२४ रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने दुग्धजन्य पदार्थांच्या वेष्टनांवरील ‘ए१’ व ‘ए२’ हे दावे काढून टाकण्याचा आदेश दिला. २६ ऑगस्टला तो मागे घेतला. या वादाचा एक महत्त्वाचा धागा १९७९ सालच्या एका जर्मन प्रयोगापर्यंत जातो.

त्याआधी चारच वर्षे, १९७५ मध्ये, ह्यूज व कोस्टरलिट्झ यांनी मेंदूतून मॉर्फीनसारखी क्रिया करणारी एन्केफॅलिन ही पेप्टाइडे वेगळी केली होती. असे रेणू अन्य प्रथिनांतही दडलेले असतील काय, हा प्रश्न मग स्वाभाविकच होता. ब्रांटल, टेशेमाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी केसिन पेप्टोन निवडले. पेप्टोन म्हणजे विकरांनी तोडलेले दुधातील प्रथिन. प्रयोगशाळांत ते एरवी जिवाणूंचे खाद्य म्हणून वापरले जाते. त्यात असंख्य तुकडे मिसळलेले असतात आणि पाण्यात बहुतेक सगळेच विरघळतात. म्हणून क्लोरोफॉर्म व मिथेनॉल यांचे मिश्रण उपयोगी पडले. क्षार आणि विद्युतभारित तुकडे अशा द्रावकात सहसा उतरत नाहीत. जलद्वेषी, प्रोलीनयुक्त तुकडे मात्र उतरतात. पुढे वर्णलेखनाने अर्क शुद्ध करत नेला. गिनीपिगच्या आतड्याच्या पट्टीचे आकुंचन अर्काने मंदावते काय आणि नॅलॉक्सोन दिल्यावर पूर्ववत होते काय, ही कसोटी होती. अखेर हाती आले ते टायरोसीनपासून सुरू होणारे, सात अमिनो आम्लांचे बीटा-कॅसोमॉर्फिन. बीटा-केसिनच्या २०९ दुव्यांच्या साखळीतील ६० ते ६६ हा तो भाग.

लगतच्या ६७व्या स्थानी ए२ प्रकारात प्रोलीन असते, ए१ मध्ये हिस्टिडीन. प्रोलीनजवळचा बंध पाचक विकरांना सहजी तुटत नाही, म्हणून हा तुकडा ए१ मधून अधिक सुटतो. रसायनशास्त्र इथवर भक्कम आहे. पण द्रावकाने अर्क काढणे म्हणजे विरळ पदार्थ मुद्दाम एकवटणे, आणि आतड्यात क्लोरोफॉर्म नसतो! तिथे प्रोलीनयुक्त तुकडेही कापणारे डीपीपी-४ हे विकर मात्र असते. अखंड रेणू रक्तात किती पोचतो, हे पेप्टोनच्या बरणीवरून ठरणार नव्हते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला, तेव्हा या पेप्टाइडचा रोगांशी कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, असाच निष्कर्ष निघाला.

त्याच वर्षी कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या संशोधकांनी देशी गाईंच्या १५ आणि म्हशींच्या ८ जाती तपासल्या. गाईंत ए२ जनुकप्रकार जवळपास सर्वत्र आढळला, म्हशींत तर केवळ तोच. देशाच्या दुधातला फार मोठा वाटा म्हशींचा असतो. ‘ए२’चे कौतुक आणि चढा भाव मात्र प्रामुख्याने गाईच्याच दुधाला लाभला.