पुष्पकला दिवे लावताना

३० जानेवारी १९४९ पासून नागपूरचा सोनेगाव विमानतळ मध्यरात्री जागा राहू लागला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून चार विमानं टपालाच्या थैल्या घेऊन निघायची आणि मध्यरात्रीच्या आगेमागे नागपुरात जमायची. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत जो तो आपल्या गावी परत. मुंबई ते नागपूर सरळ रेघ ओढली तर ती अकोल्याच्या दक्षिणेने, कारंज्याच्या आसपासून जाते. अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरपासून त्या रेघेचं हवाई अंतर भरतं चाळीसेक किलोमीटर. उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून पडलेल्या कारंज्याच्या माणसाला आभाळातून सरकणारा लाल किंवा हिरवा ठिपका दिसला असेल, तर तो बहुधा याच रातडाकेचा.

त्याच वर्षी १ एप्रिलपासून साधी पत्रंही जादा तिकीट न लावता विमानाने नेण्याची योजना सुरू झाली. दर्यापूरचा माणूस तेव्हा मूर्तिजापूरला जायचा तो शकुंतला या छोट्या आगगाडीच्या रमतगमत चालणाऱ्या डब्यात बसून. त्याने पेटीत टाकलेलं पत्र मात्र पुढच्या प्रवासात विमानात चढू शकत होतं. माणसाच्या आधी पत्राला विमानाचा मान मिळाला, आणि तोही रात्रीच्या विमानाचा.

ही रातडाक सहजासहजी सुरू झाली नाही. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांनी ती हौसेने पुढे रेटली, तर जे. आर. डी. टाटा यांचा तिला विरोध होता. रात्री उडायचं तर जमिनीवरची साधनं आधी पुरी करा, असं त्यांचं म्हणणं. पुढे हिमालयन एव्हिएशनने ही सेवा चालवली आणि १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर ती इंडियन एअरलाइन्सकडे आली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला नागपूरहून मद्रासकडे निघालेलं डाकेचं डकोटा उड्डाण होताच कोसळलं आणि १३ जणांचा जीव गेला. कामगार नेते हरिहरनाथ शास्त्री त्यांतच होते. बिघाड इंजिनाचा होता, दिव्यांचा नव्हे. पंखावरचा दिवा दुसऱ्याला आपण कुठे आहोत एवढंच सांगतो; पडणारं विमान तो सावरत नाही. 

अंधाराचा हिशेब टाटांना नवा नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून पुस मॉथ विमानातून डाक आणली. वाटेत अहमदाबादला इंधन भरलं ते बैलगाडीवरून आलेल्या डब्यांतून. दुपारी दोनच्या सुमारास विमान जुहूच्या मैदानावर उतरलं. तिथून त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट मद्रासची थैली घेऊन निघाले, पण त्या दिवशी मद्रासला पोचले नाहीत. बळ्ळारीला रात्रीचा मुक्काम करावा लागला. विमान थकलं नव्हतं, वैमानिकही नव्हता. दिवस मावळला होता, इतकंच. रेल्वेची डाकगाडी रात्रभर धावत होती आणि तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान असलेलं विमान मैदानात उभं होतं. हवाई डाकेची निम्मी कमाई रात्र खाऊन टाकत होती.

पुस मॉथचं इंजिन १२० अश्वशक्तीचं. त्या काळच्या छोट्या विमानांच्या इंजिनाला ठिणगी द्यायला मॅग्नेटो असतो. तो इंजिनाबरोबर फिरतो आणि स्वतःची वीज स्वतः तयार करतो, म्हणून विमानात बॅटरी नसली तरी काही अडत नाही. पंखा हाताने फिरवायचा, इंजिन धडधडलं की निघायचं. वजन कमी, बिघाड कमी, खर्चही कमी. वीज नसणं ही त्या रचनेतली उणीव नव्हती, तो तिचा सोपेपणा होता. प्रश्न उभा राहायचा तो फक्त सूर्य बुडाल्यावर.

दिव्यांचे नियम मात्र विमानांच्याही आधी तयार होते, कारण ते जहाजांकडून आले. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा आणि मागे पांढरा. १९१९ च्या पॅरिस करारात विमानांसाठी ही मांडणी लिहून निघाली. करारावर सही करणाऱ्यांत ब्रिटिशांच्या अमलाखालचा हिंदुस्थानही होता. लाल आणि हिरवा दिवा नाकाच्या रेषेपासून आपापल्या बाजूला ११० अंशांपर्यंत दिसला पाहिजे, मागचा पांढरा उरलेल्या १४० अंशांत. बेरीज बरोबर ३६०. समोरून येणाऱ्याला लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर विमान थेट त्याच्याच दिशेने येत आहे. नुसता पांढरा दिसला तर ते पाठमोरं. शंभर वर्षं उलटली तरी हे कोन तसेच आहेत. बल्ब गेले, एलईडी आले, कोन हलले नाहीत.

विमानावर दिवे असोत वा नसोत, उतरायची जागा दिसली पाहिजे. त्यासाठी धावपट्टीच्या कडेने रॉकेलचे दिवे मांडायची पद्धत होती. पत्र्याचा झारीसारखा डबा, लांब तोटी, तोटीत जाड वात. आपल्याकडची चिमणीच, फक्त दांडगी. वारा आला की ज्योत आडवी व्हायची, पण विझायची नाही. उलट तिच्या झुकण्यावरून वैमानिकाला वाऱ्याची दिशा कळायची. एकेक दिवा हाताने पेटवायचा, ठरावीक अंतरावर ठेवायचा आणि शेवटचं विमान उतरलं की हातानेच विझवायचा. अकोल्याजवळच्या शिवणीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली, १९४३ ची. त्या पिढीच्या धावपट्ट्यांना हाच उजेड ठाऊक होता.

स्वातंत्र्यानंतर देशातल्या फ्लाइंग क्लबांना स्वतःचं, स्वस्त विमान हवं होतं. ते दिलं एका मराठी माणसाने. विष्णू माधव घाटगे यांचा जन्म १९०८ चा, कोल्हापूरकडच्या हसूर गावातला. जर्मनीत गटिंगनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली.  बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या देखरेखीखाली एचटी-२ हे शिकाऊ विमान तयार झालं आणि ५ ऑगस्ट १९५१ रोजी उडालं. त्यानंतर २८ सप्टेंबर १९५८ रोजी पुष्पक हवेत गेलं. पंख वर, शेजारी शेजारी दोन आसनं, पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर कापड. दीडशेच्या आसपास पुष्पक बनली आणि देशभरच्या क्लबांत वाटली गेली. वैमानिकांच्या एका अख्ख्या पिढीने पहिली उतरणी त्याच्यावर केली.

पुष्पकचं इंजिन कॉन्टिनेंटलचं ९० अश्वशक्तीचं, सी-९०-८एफ. या इंजिनाच्या नावातला ८ हा आकडा बरंच काही सांगतो. याच घराण्यातल्या १२ आकड्याच्या इंजिनाला स्टार्टर आणि जनरेटर बसवायची सोय आहे. ८ ला नाही. पंखा हाताने फिरवा आणि दिवसाउजेडी उडा, असा त्याचा साधा करार. आज असं एखादं पुष्पक कोणी हौसेने जपलं असेल आणि त्याला दिवे बसवायचं मनात आलं, तर कामाला सुरुवात हातोडा-पाना घेऊन होत नाही, कागदाने होते. १९३७ च्या विमान नियमांतला ५२ वा नियम बदल आणि दुरुस्तीसाठी आहे. विमान ज्या रचनेवर प्रमाणित झालं तिच्यात फरक करायचा तर आधी मंजुरी घ्यायची, परवानाधारक अभियंत्याने काम करून सही द्यायची, आणि विमानाच्या नोंदवहीत ते उतरवायचं. मोटारसायकलला भरपूर उजेडाचा एलईडी थोडक्या पैशांत बसतो. विमानाला तोच चिकटवला तर उडण्याची लायकी सांगणारं प्रमाणपत्रच अडचणीत येतं.

पहिला प्रश्न विजेचा. जुन्या पद्धतीचे बल्ब प्रत्येकी २६ वॅटच्या घरातले. तिन्ही दिवे मिळून साधारण सहा अँपिअर ओढतात. जनरेटर नाही, म्हणजे सगळा भार बॅटरीवर. १८ अँपिअर-तासांची बॅटरी ठेवली तर हिशेबाने तीन तास, प्रत्यक्षात त्याहून कमी, आणि थंडीत आणखी कमी. दुसरी युक्ती जुनीच आहे: पोटाखाली वाऱ्यावर फिरणारा छोटा जनरेटर. विमान पुढे गेलं की त्याचा पंखा फिरतो आणि बॅटरी भरते. अमेरिकेत जुन्या पायपर कब विमानांवर तो आजही दिसतो. तिथे त्याचा एक गमतीदार फायदाही आहे. ज्या विमानाला मुळात इंजिनावर चालणारी वीजव्यवस्था नव्हती आणि नंतरही बसवली नाही, त्याला रडारला उत्तर देणाऱ्या ट्रान्सपॉन्डर यंत्राच्या नियमातून तिथे बऱ्याच अंशी सवलत मिळते. वाऱ्यावरचा जनरेटर इंजिनावर चालत नाही, त्यामुळे दिवेही लागतात आणि सवलतही टिकते. नियम वाचायची कला म्हणतात ती हीच. मात्र ती सवलत तिकडची. इथल्या मालकाने तिच्यावर विसंबू नये.

एलईडीने हा हिशेब बराच हलका केला. तिन्ही दिवे मिळून एखाद्या अँपिअरवर भागतं, त्यामुळे लहानशी बॅटरीही पुरते. पण नवा दिवा स्वतःचं दुखणं घेऊन येतो. एलईडीच्या आत वीज चालू-बंद करणारं जे छोटं सर्किट असतं, त्याची खरखर रेडिओत शिरू शकते. हाती धरायच्या छोट्या रेडिओवर उडणाऱ्याला ती फार भोवते.

दुसरा प्रश्न तारांचा. धातूच्या विमानात सांगाड्यालाच परतीची तार मानता येतं. पंख कापडाचे असले की टोकावरच्या दिव्यापर्यंत जाणारी एक आणि परत येणारी एक अशा दोन तारा ओढाव्या लागतात. त्या एकमेकींभोवती पिळायच्या. कारण होकायंत्र. तारेतून वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. दोन तारा पिळल्या की जाणाऱ्या आणि येणाऱ्या विजेची क्षेत्रं एकमेकांना मारतात. तेवढ्यावर कोणी भरवसा ठेवत नाही. लोखंडापासून लांब, मोकळ्या जागी विमान उभं करून ते एकेका दिशेला वळवायचं आणि होकायंत्राची चूक टिपायची. आधी दिवे बंद ठेवून, मग चालू करून. दोन्ही आकडे छोट्या कार्डावर लिहून ते वैमानिकासमोर लावतात. रात्री दिवे लावले आणि त्याच दिव्यांनी वाट चुकवली, असा प्रकार नको.

तारही बाजारातली चालत नाही. घरगुती वायरीचं आवरण जळालं की दाट, विषारी धूर होतो आणि पुष्पकच्या दोन माणसांच्या डब्यातून पळायला जागा नसते. कापडाला ताठ ठेवणारा डोप ज्वालाग्राही, म्हणून काम करताना ठिणगी उडता कामा नये. प्रत्येक वाटेवर फ्यूज हवा, आणि सगळ्यांच्या आधी एक मुख्य स्विच. मग वजनकाटा. शेपटीत बसवलेला २०० ग्रॅमचा दिवा किरकोळ वाटतो, पण तो गुरुत्वमध्यापासून लांब असतो आणि छोट्या विमानाला मागचा ग्रॅमही बोचतो. म्हणून बॅटरी शक्यतो पुढे ठेवायची, विमान पुन्हा तोलायचं आणि नवा आकडा कागदावर चढवायचा.

एवढी उस्तवार करून मालकाला मिळतं काय? भारतात नजरेच्या भरवशावर चालणारं उड्डाण सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी थांबतं आणि सूर्योदयाच्या २० मिनिटं आधी पुन्हा सुरू होऊ शकतं. मधल्या काळात वाहतूक नियंत्रणाने परवानगी दिली तर विमानतळाच्या आसपासचं किंवा क्लबचं शिकाऊ उड्डाण तेवढं करता येतं. म्हणजे दिवे लावलेलं पुष्पक रात्री दर्यापूरहून नागपूर गाठणार नाही. फार तर आपल्याच धावपट्टीभोवती घिरट्या घालील. तरीही हौशी लोक दिवे बसवतात, आणि त्यात शहाणपण आहे. धुरकट सकाळी किंवा मावळतीच्या उन्हात कापडी विमान आभाळात विरघळून जातं. दुसऱ्याला ते वेळेवर दिसलं म्हणजे दिव्यांचे पैसे वसूल.

टाटांनी स्वतः १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून पुन्हा कराची ते मुंबई उड्डाण केलं. पन्नास वर्षांत रातडाक सुरू झाली होती, जेट विमानं आली होती. हे विमान मात्र दिवसाच उडालं.

अमरावतीजवळच्या बेलोऱ्याला १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. तिथेच एअर इंडियाने वैमानिक प्रशिक्षण संस्था जाहीर केली आणि तिच्यासाठी ३१ एक-इंजिनी पायपर व ३ दोन-इंजिनी डायमंड विमानांची मागणी नोंदवली. व्यावसायिक परवाना हवा असेल तर उमेदवाराच्या खात्यात रात्रीचे किमान ५ तास, १० उड्डाणं आणि १० उतरणी लागतात. या नव्या विमानांचे लाल, हिरवे, पांढरे दिवे कारखान्यातूनच बसवून येतात. विद्यार्थ्याला तारा पिळाव्या लागणार नाहीत. उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारताना तिन्ही दिवे लागतात की नाही, एवढं पाहून तो आत बसेल.