चिपळूणच्या छावणीला गेलेले पत्र

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहावे, अशी संपादकांची सूचना आली, तेव्हा आम्हांस प्रथम आठवले ते एक पत्र. आमची उभी हयात परिपत्रके वाचण्यात आणि काढण्यात गेली. तेव्हा निवडही तशीच व्हावी, हे ओघानेच आले!

राज्याभिषेकाच्या (६ जून १६७४) सुमारास शिवछत्रपतींनी चिपळूण भागातील छावणीच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस लिहिलेले हे पत्र अभ्यासकांस सुपरिचित आहे. रयतेस उपद्रव देऊ नये, एवढेच त्याचे सार बहुधा आपल्या कानी पडलेले असते. परंतु त्या आज्ञेच्या आधी महाराजांनी काय सांगितले आहे, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

लष्कराचा मुक्काम चिपळुणी पडल्याने दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी जमविलेला दाणा बराचसा संपला होता. वैशाखाचे दिवस, पाऊस तोंडावर. अशा वेळी महाराज प्रथम आपल्याकडून झालेली तजवीज सांगतात. कारकुनांकडून आणि गडोगडीचा गल्ला देववून पागेची जेमतेम बेगमी केली आहे. शिपायांच्या वाटण्या खजिन्यातून पदरी घातल्या आहेत. म्हणून दाणा, गवत, भाजीपाला, जे लागेल ते बाजारातून विकत घ्यावे. ज्याच्या हाती वेतन पडलेले नाही, त्यास असा हुकूम कोणत्या तोंडाने करावा?

पुढे आज्ञेची कारणे येतात. आज उधळपट्टी केलीत, तर भर पावसात दाणा मिळणार नाही; घोडी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग कोणी कुणब्याचे धान्य आणील, कोणी भाकर, कोणी सरपण. जीव धरून राहिलेला कुणबीही गाव सोडील, आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असे त्यास वाटेल. स्वतःच्या सैन्याची मोगलांशी तुलना करण्यास मन केवढे निर्भय असावे लागते!

आगीविषयीचा भाग तर आम्ही पुनःपुन्हा वाचला आहे. कोणी भलत्याच जागी चूल मांडील, कोणी तंबाखूसाठी विस्तव घेईल, रात्री जळत्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल. येथपर्यंत राजाची नजर पोचते. एकदा छपरे जळाली, म्हणजे कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांस कितीही ताकीद केली, तरी नवे छप्पर उभारावयास एक लाकूड मिळणार नाही. यास्तव वरिष्ठांनी स्वतः हिंडून रोज पाहणी करावी, असे ते बजावतात.

हे वाचताना आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवून ओशाळल्यासारखे होते. एका कार्यालयात असताना पावसाळ्यापूर्वी आम्ही अभिलेख सुरक्षित ठेवण्याविषयी तीन ओळींचे कडक परिपत्रक काढले. मांडण्या उंच कराव्यात, यासाठी कारकुनांनी पैसे मागितले होते; ती फाईल आमच्याच मेजावर पडून होती. खोलीत आम्ही एकदाही डोकावलो नाही. जुलैत खालचा कप्पा भिजला, तेव्हा दोघा कारकुनांकडून लेखी खुलासे मागविले. खुलासे मुदतीत आले. त्यांतील एकात त्या फाईलची तारीख सौम्य शब्दांत नमूद केली होती. भिजलेल्या कागदांवरील शाई मात्र गेली ती गेलीच.

महाराजांचे हे पत्र केवळ मायाळू आहे, असे मात्र कोणी समजू नये. शेवटी स्पष्ट धाक आहे: ज्याच्या हातून कसूर होईल, त्याची इज्जतही राहणार नाही, मग चाकरीची गोष्टच नको. परंतु हा धाक येतो तो अगदी अखेरीस. धान्याची बेगमी, वेतन, कारणे आणि त्या उंदराची वातसुद्धा सांगून झाल्यावर. आमच्या परिपत्रकाची पहिलीच ओळ शिस्तभंगाच्या कारवाईची होती.